बालाघाटावरील स्वरसंग्रह

वसंत ऋतूचे वर्णन करू लागले की आपल्याकडील लेखकांचे कोकिळेवाचून भागत नाही. परंतु आंब्याच्या गर्द पानांआडून 'कुहू कुहू' अशी जी साद येते ती मादीची नसून नराची असते. मादीच्या वाट्यास नुसती 'किक् किक्' अशी किरकिर आली आहे. पिढ्यान् पिढ्या हा स्वर ऐकूनही ज्यांच्या ध्यानी एवढी साधी गोष्ट येत नाही, त्या आपल्या कानांस थोडे वळण लावावयाचे असेल तर पाखरांचे आवाज यंत्रावर टिपून ठेवण्यासारखा दुसरा उपाय नाही, असे आम्हांस वाटते. टिपलेला आवाज घरी आणून दहादा ऐकता येतो, आणि दहाव्या वेळी त्यात पहिल्याने न ऐकलेले काहीतरी सापडते.

ह्या विद्येच्या आरंभी आपल्या ओळखीचे एक पाखरू आहे. लुडविग कॉख नावाच्या मुलाने १८८९ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे पिंजऱ्यातील शामा पक्ष्याचे गाणे एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर घेतले. पाखराच्या स्वराचे सर्वांत जुने ज्ञात मुद्रण ते हेच. आणि शामा तर आमच्या सह्याद्रीच्या रानांतही गातो. पुढे १९२९ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर अ‍ॅलन ह्यांना रानपाखरांचे स्वर घेण्यासाठी बोलपटाची अवजड यंत्रे नेववावी लागली. आज तेवढे काम खिशातला मोबाईल करतो.

बीड जिल्हा म्हटला की दुष्काळ आणि ऊसतोड ह्यांपलीकडे दूरच्या वाचकांच्या मनात फारसे काही येत नाही. तथापि ह्याच जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, पाटोदा तालुक्यात नायगाव येथे १९९४ साली खास मोरांसाठी अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. येथील रान काटेरी झुडपांचे आणि विरळ. चैत्रात ओढ्यांना पाणी नसते, पानांची दाटी नसते, त्यामुळे स्वर स्वच्छ आणि दुरून येतो. मुद्रण करणाऱ्यास असा उजाड मुलूखच सोयीचा! पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी रातव्याचे 'चक् चक्' संपत येते, मग तित्तिरांची एकमेकांस ललकारी सुरू होते. टिटवीला तर दिवसरात्रीचा विधिनिषेध नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या त्या बापडीस सारखा पहारा करावा लागतो, आणि तिच्या ओरडण्यास अशुभ मानून आपण तिच्यावर उगाच अन्याय करतो. ऊन चढले की वारा सुटतो व यंत्रात नुसती घरघर भरते. पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत त्या ह्याच वाऱ्याच्या भरवशावर. म्हणून काम सूर्योदयाच्या आगेमागे उरकावे, यंत्राच्या तोंडावर फडक्याची घडी धरावी, पाय हलवू नयेत. आणि शेवटी स्थळ, तिथी व वेळ स्वतःच्या आवाजात सांगून ठेवावी. ह्या चार शब्दांवाचून उत्तम मुद्रणही पत्ता नसलेल्या पत्रासारखे होते.

आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगणारी साधनेही आता मोबाईलवर आली आहेत. ती उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर सर्वस्वी विसंबू नये. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची अशी हुबेहूब नक्कल करतो की जाणते कानही चकतात. शिवाय यंत्र सांगते ते ग्रंथातले नाव. गावात त्या पाखरास काय म्हणतात, त्याच्या ओरडण्याचा कोणता अर्थ लावतात, हे त्याला कोठून ठाऊक असणार?

आमच्या मते खरी निकड आहे ती येथे. ही माहिती ज्यांच्या कानांत व जिभेवर आहे, त्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती गाळप आटोपल्यावर परततात. फाल्गुनात रान बोलू लागते तेव्हा गावात कित्येक दारांना कुलपे असतात; मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही लेकरे. त्या म्हाताऱ्यांपाशी बसून, त्यांची अनुमती घेऊन, त्यांची पाखरांची नावेही त्याच यंत्रावर घ्यावीत. पाखराचा स्वर पुढच्या वर्षी कदाचित पुन्हा मिळेल. ऐंशी वर्षांच्या आजीचा शब्द मिळेलच असे नाही. आमच्या वाचकांच्या घरीही आजी-आजोबा आहेत, आणि सुटीत मोबाईल घेऊन बसणारी नातवंडेही आहेत. दोघांची गाठ घालून द्यावयास बीडपर्यंत जाण्याचेही कारण नाही.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. टिपलेला आवाज रानात त्याच पाखरास पुन्हा ऐकवू नये. प्रतिस्पर्धी आला असे समजून नर घरटे सोडून धावतो व व्यर्थ दमतो. पाळलेल्या तित्तिराच्या हाकेने रानातले तित्तिर फाशात ओढण्याची शिकाऱ्यांची जुनी युक्ती ह्याच स्वभावावर चालते. अभ्यासकांनी हे साधन जपून वापरले आहे, हेही खरे. १८८४ नंतर कोणास न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि पुढे त्याचा शोध घेताना त्याच्या मुद्रित हाकेचा उपयोग झाला. पण हौशी माणसाने ते धाडस करू नये. अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीवाचून काहीच करू नये.

वैशाखात पावशा ओरडू लागतो. त्याच्या चढत जाणाऱ्या हाकेत आपल्या शेतकऱ्याने 'पेर्ते व्हा' हे शब्द ऐकले. हेही एक मुद्रणच, यंत्रावाचून झालेले. तोवर ऊसतोडीची माणसे घरी आलेली असतात, ढेकळे फोडण्याची कामे निघालेली असतात. फाल्गुनात टिपलेले आवाज त्यांना ऐकवून नावे विचारावयास हाच काळ चांगला.