एक प्रश्न, दोन उत्तरें

संगणकाच्या आज्ञावलींत ज्याला 'फंक्शन' म्हणतात, तें पेढीवरच्या हिशेबनिसासारखें असतें. त्याच्या हातीं आंकडे द्यावे आणि त्यानें उत्तर आणून द्यावें. आंकडे पुष्कळ देतां येतात. उत्तर मात्र जावासारख्या भाषांत एकच मिळतें. मग भागाकाराचें काय करावयाचें? १३७ आंबे डझनाच्या पेट्यांत भरले, तर ११ पेट्या भरतात आणि ५ आंबे सुटे राहतात. प्रश्न एक, उत्तरें दोन!

जावामध्यें प्रचंड संख्यांसाठीं 'बिगइंटिजर' नांवाचा क्लास आहे. त्यांतील भागाकाराचें एक फंक्शन दोन्ही उत्तरें एकाच रांगेंत घालून देतें: शून्य क्रमांकाच्या घरांत भागाकार, एक क्रमांकाच्या घरांत बाकी. (ही मोजणी शून्यापासून सुरू होते, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.) आतां घेणाऱ्यानें घरांची अदलाबदल केली तर? दोन्ही संख्या एकाच जातीच्या; त्यामुळें आज्ञावली तपासणारा कंपायलर हूं कीं चूं करीत नाहीं. ५ पेट्या आणि ११ सुटे, असें पत्रक बिनबोभाट छापून निघतें. यंत्र बंद पडलें असतें तर बरें, असें म्हणण्याची पाळी येते!

पायथन भाषेंत 'टपल' म्हणून दोन उत्तरांची जोडी सहज परत देतां येते. सोय मोठी खरी. पण साध्या टपलालाहि जागाच तेवढी ठाऊक, नांव ठाऊक नाहीं. सी-शार्पमध्यें रिकामें भांडें फंक्शनच्या हातीं देऊन तें भरून घेण्याचीहि रीत आहे. ती मला फारशी रुचत नाहीं. उत्तर कोठून आलें तें वाचणाऱ्यास शोधावें लागतें.

याहून शहाणपणाची वाट सी या जुन्या भाषेनें दाखविली आहे. वास्तविक ती ऑब्जेक्टांची भाषा नव्हे. तिच्या १९८९ च्या प्रमाणांत 'डिव्' हें फंक्शन 'क्वॉट' आणि 'रेम' अशा नांवांचीं दोन घरें असलेली एकच वस्तु परत देतें. घरांचा क्रम कोणताहि असूं शकतो; नांवानें हांक मारली कीं झालें.

ऑब्जेक्टांच्या भाषेंत हीच जोडी स्वतःचा क्लास होऊं शकते. जावांत पूर्वीं एवढ्याशा कामासाठीं बरेंच लिहावें लागे, म्हणून लोक टाळाटाळ करीत. २०२१ सालीं आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून 'रेकॉर्ड' एका ओळींत लिहितां येतें. शिवाय, बाकी उरली असेल तर एक पेटी जास्त मागवावी, म्हणजे ११ ऐवजीं १२, हा नियमहि त्याच रेकॉर्डांत लिहून ठेवतां येतो.