पेशींचें पोषण आणि रक्तरसाची निवड

भिवंडीच्या मागावर एका लॉटच्या सुतांत दुसऱ्या लॉटचें सूत मिसळलें, तर कापडावर पट्टा उमटतो. नंबर एकच, गिरणी एकच. तरीही माल एक नसतो. विणकरास ठाऊक असलेली ही गोष्ट प्रयोगशाळेंत प्राण्यांच्या पेशी वाढविणारासही विसरून चालत नाहीं.

शरीराबाहेर काढलेल्या पेशी पात्रांत जगविण्यास क्षार, साखर व अमिनो आम्लें असलेला द्रव लागतो. परंतु बहुतेक पेशी तेवढ्यावर वाढत नाहींत. म्हणून त्या द्रवांत बहुधा शेंकडा पांच ते दहा या प्रमाणांत सीरम, म्हणजेच रक्तरस, मिसळतात. रक्त गोठल्यावर सुटणारा हा पिंवळसर द्रव होय. पेशींना वाढीची चालना देणारीं व पात्राच्या तळाशीं चिकटून राहण्यास साहाय्य करणारीं द्रव्यें त्यांत असतात.

रक्तरस कोणत्या जनावराचा घ्यावा, हें पेशीवर व कामावर अवलंबून आहे. गाईच्या उदरांतील वासराच्या रक्तरसांत वाढीचीं द्रव्यें विपुल आणि प्रतिद्रव्यें अत्यल्प असतात. कारण गाईचीं प्रतिद्रव्यें वारेंतून गर्भास पोंचत नाहींत. विषाणूंच्या अभ्यासांत याचें मोल मोठें. प्रतिद्रव्यें असलीं तर तीं विषाणूसच निकामी करूं शकतात. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांत के. आर. पी. सिंग यांनीं १९६७ सालीं डासांच्या अळ्यांपासून पेशींचे वंश तयार केले. त्यांपैकीं एकांतून पुढें निवडलेला सी ६/३६ हा वंश आज डेंग्यूचा विषाणु वाढविण्यास जगभर वापरतात. अशा कामांत रक्तरस चुकला, कीं निष्कर्षही चुकण्याचा संभव असतो.

मात्र गर्भाचा रक्तरस महाग असून तो गाभण गाय कापल्यावरच मिळतो. त्यावांचून भागत असेल तेथें तो न वापरणें हेंच योग्य. उंदराच्या ३टी३ पेशींना जन्मलेल्या वासराचा रक्तरस चालतो. घोड्याचा रक्तरस जिवंत जनावरापासून पुनःपुन्हां घेतां येतो. शेळीच्या रक्तरसाचा पर्यायही एका भारतीय शास्त्रीय नियतकालिकांत २००४ सालीं मांडला गेला आहे.

जनावर ठरलें तरी लॉटचा प्रश्न उरतोच. तीन-चार लॉटांचे नमुने मागवून त्यांत व चालू रक्तरसांत त्याच पेशी शेजारींशेजारीं निदान तीन वेळां पुनर्रोपण करून वाढवाव्या. त्यांची संख्या मोजावी, रूप पहावें. थोड्या पेशी विरळ पेरून किती वसाहती उगवतात तेंही पहावें. ज्या गुणासाठीं पेशी पाळल्या, तो टिकला कीं नाहीं, ही शेवटची कसोटी. नुसती जोमदार वाढ पुरेशी नव्हे. दाखल्यांत उगमाचा देश, तसेंच मायकोप्लाझ्मा व गुरांचे विषाणु यांची तपासणी असावी.

पसंत पडलेला लॉट सबंध कामास पुरेल इतका एकदम घ्यावा, लहान बाटल्यांत वांटून उणे २० अंशांवर ठेवावा आणि ४ अंशांवर सावकाश वितळवावा. ५६ अंशांवर अर्धा तास तापविण्याची चाल आहे; पण गरज नसतां तसें केल्यास वाढीचीं द्रव्यें क्षीण होतात. लॉटचा क्रमांक प्रयोगवहींत लिहिलेला असला, म्हणजे पट्टा उमटल्यास सूत कोठें बदललें तें शोधतां येतें.