मिनिटाला ३०,००० फेरे आणि थेंबभर वंगण

जुन्या स्कूटरच्या स्पीडोमीटरचा काटा अधूनमधून थरथरायचा, ते अनेकांना आठवत असेल. पुढच्या चाकापासून हँडलपर्यंत येणाऱ्या काळ्या नळीत पिळाच्या तारेची एक दोरी फिरत असे. ती कोरडी पडली की काटा नाचू लागे. मग मेकॅनिक ती उपसायचा, पुसायचा आणि ग्रीस लावून परत सरकवायचा. रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या छोट्या बोटींत थेट हीच दोरी असते. फक्त ती काटा नाही, पंखा फिरवते. आणि तिचं एक टोक पाण्यात असतं.

मोटर बोटीच्या पोटात बसते, पंखा मागे तळाशी. मधल्या बाकातून सरळ दांडा जात नाही, म्हणून पोलादी तारांचे थरावर थर गुंडाळलेली लवचीक केबल पितळी नळीतून नेतात. नेहमीच्या आकारांपैकी एक ३/१६ इंचाचा, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरचा. मोटरवर २,००० केव्ही असं लिहिलेलं दिसलं तर दचकू नये, ते किलोव्होल्ट नव्हेत. मोकळी फिरताना दर व्होल्टमागे मिनिटाला २,००० फेरे एवढाच त्याचा अर्थ. १४.८ व्होल्टची बॅटरी जोडली की हिशेब ३०,००० च्या आसपास जातो. पंख्याचा भार आल्यावर आकडा उतरतो, पण सोयीसाठी तोच धरू. केबलचा पृष्ठभाग नळीच्या आत ताशी २७ किलोमीटरनं घासत असतो आणि वळणातली प्रत्येक तार दर फेऱ्याला एकदा वाकून सरळ होते. दोन मिनिटांत ६०,००० वेळा.

नवखा माणूस इथे भरपूर घट्ट ग्रीस कोंबतो. बैलगाडीच्या आखाला ते शोभतं, इथे नाही. एक ढोबळ गणित करून पाहू. पाव मीटर लांबीची नळी, केबलभोवती ०.३ मिलिमीटरची फट आणि ती औद्योगिक १०० ग्रेडच्या तेलानं गच्च भरलेली. ४० अंश तापमानाला नुसतं ते तेल घुसळण्यात साठेक वॅट जातात. नळीत जुना पिवळा बल्ब लावून ठेवल्यासारखंच! मोटर हजार वॅटची असेल तर सहा टक्के ताकद पंख्यापर्यंत पोहोचतच नाही. शिलाई मशीनला घालतात तसलं पातळ, १० ग्रेडचं तेल भरलं तर हाच आकडा सहा वॅटवर येतो. ग्रीसचं गणित इतकं सरळ नाही, कारण ते बाजूला सरकून केबलला वाट करून देतं. पण सरकायला जागा हवी. नळीत टेफ्लॉनचं अस्तर घातलेलं असेल तर तीही उरत नाही.

मग पातळ तेलच का वापरत नाहीत? ते टिकत नाही म्हणून. मागच्या टोकानं ते बाहेर पडतं आणि त्याच वाटेनं पाणी आत शिरतं. माझ्या मते या नळीतल्या वंगणाचं पहिलं काम घर्षण कमी करणं नाहीच. पाण्याला दाराबाहेर ठेवणं हे आहे. केबल कडक स्प्रिंग पोलादाची असते, सहसा स्टेनलेस नसते. एका ओल्या रात्रीत तिच्यावर गंजाचे ठिपके उमटतात, आणि वाकून वाकून तार तुटायची ती बहुधा अशा ठिपक्यापाशीच.

ग्रीस म्हणजे साबणाच्या बारीक तंतूंच्या जाळ्यात धरून ठेवलेलं तेल. कोणता साबण, यावर सगळं अवलंबून. सोडियमचा असेल तर आपल्या कपड्यांच्या साबणासारखाच तो पाण्यात विरघळतो, बोटीसाठी बाद. लिथियमचा बरा. कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस पाण्यानं सहजी धुपत नाही आणि गंजही अडवतं, म्हणून पाण्यातल्या कामाला मला तेच पसंत. घट्टपणाला नंबर असतात. २५ अंशांच्या ग्रीसमध्ये एक ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद सोडायचा आणि तो किती रुतला ते मोजायचं. २ नंबरच्या ग्रीसमध्ये तो साधारण २६ ते ३० मिलिमीटर जातो, शून्य नंबरच्यात ३५ च्या पुढे. गाडीच्या बेअरिंगला २ नंबर ठीक. भिरभिरणाऱ्या बारीक केबलला शून्य किंवा १ नंबर, तोही पातळ थरात.

डब्ल्यूडी-४० बद्दल हमखास विचारलं जातं. त्या नावातच पाणी हटवणं आहे, आणि तेवढ्यापुरता तो उत्तम. केबल धुवायला वापरावा. पण मागे राहणारा थर शर्यत निभावण्याइतका जाड नसतो.

आणखी एक गोष्ट, जिचं खापर उगाच वंगणावर फुटतं. ताकद लागली की केबल पिळून किंचित आखूड होते. मागे दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवली नसेल तर ती पुढे खेचली जाऊन पंख्याचा गट्टू बेअरिंगवर दाबला जातो. तिथे जगातलं कुठलंही ग्रीस जळणारच.

नळीतलं वंगण शेवटी तळ्यातच जातं, हेही खरं. मोठ्या जहाजांच्या शाफ्टचा प्रश्न हाच आहे. अमेरिकेनं २०१३ च्या परवाना-नियमांत ७९ फुटांहून लांब जहाजांना, जिथे तेल समुद्राला भिडतं तिथे, तांत्रिक अडचण नसेल तर पर्यावरणाला सोसवेल असंच वंगण वापरायला सांगितलं. हौशी बोटवाल्यांवर असं बंधन नाही. पण जैवविघटनशील ग्रीस त्यांनाही मिळतं.

शर्यत संपल्यावर जाणता माणूस आधी केबल उपसतो आणि पांढऱ्या फडक्यातून ओढतो. फडक्यावर दुधाळ लगदा आला तर पाणी शिरलंय, ग्रीस बदला. तांबूस डाग आला तर गंज धरलाय. करडी-काळी रेघ उमटली तर धातू धातूला घासतोय. नळीचा बाक तपासा. आणि फडक्यात एखादी तुटकी तार अडकली, तर केबल फेकून द्या.