समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

मी कशावर पीएचडी करतोय हे घरच्यांना सांगायचा प्रयत्न दर सुट्टीत होतो आणि दर सुट्टीत फसतो. या वेळी नेकनूरला ओसरीवर बसून "समुद्रातल्या पवनचक्क्यांचे कायदे" एवढंच म्हणालो. चुलते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते समदं ठीक हाय. पण तिथला सातबारा कुणाच्या नावावर?"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण नेमकं याच प्रश्नावर आहे.

आमच्या भागातल्या माणसाला हा प्रश्न सुचणं साहजिक आहे. बालाघाटाच्या पठारावर बीड, पाटोदा, केज या तालुक्यांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून जमीन कुणाची, करार कुणाशी, रस्ता कुणाच्या बांधावरून आणि तारा कुणाच्या उभ्या पिकावरून, याच गोष्टी पारावर बोलल्या जातात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि 'पवनचक्की' हा शब्द राज्यभर भलत्याच कारणाने पोचला. ते प्रकरण न्यायालयात आहे, इथे त्यात शिरत नाही. मुद्दा एवढाच, की वारा फुकट असला तरी पवनचक्कीचा पाया कुणाच्या तरी मालकीत खोदावा लागतो.

मग समुद्रात?

उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ मध्ये आहे. प्रादेशिक समुद्र, सागरमग्न खंडभूमी आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांच्या तळातली जमीन, खनिजं आणि इतर मूल्यवान वस्तू संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या. प्रादेशिक समुद्र किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो: नेकनूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या थोडा वर आहे. किनाऱ्यावर उभं राहून मागे वळून आमचं गाव जेवढं लांब, त्याहून जास्त लांबपर्यंत समोरचा समुद्रतळ केंद्राच्या खात्यावर आहे.

या अनुच्छेदाचं आजचं रूप १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीतलं. त्याच वर्षी संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला आणि त्याच वर्षी मुंबई हायचं तेल निघायला लागलं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या या क्षेत्राला नाव मुंबईचं, पण त्याची रॉयल्टी महाराष्ट्राला नाही, केंद्राला जाते. समुद्रावरच्या वाऱ्याचा हिशेब हाच धागा धरून चाललाय. २०१५ चं राष्ट्रीय अपतटीय पवनऊर्जा धोरण केंद्राचं. त्याची मध्यवर्ती यंत्रणा म्हणजे चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था. डिसेंबर २०२३ मध्ये समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम आले, तेही त्या १९७६ च्या कायद्याखालीच. आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली: ५०० मेगावॅट गुजरातसमोर, ५०० तामिळनाडूसमोर आणि दोन बंदरं सुधारायला ६०० कोटी. आपला किनारा या यादीत नाही.

त्यामुळे "महाराष्ट्राने समुद्री पवनऊर्जेचा कायदा का केला नाही?" असं कुणी विचारलं की झटपट उत्तर तयार असतं: राज्याला अधिकारच नाही. मीही पहिल्या वर्षी असंच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी त्या परिच्छेदाखाली लाल शाईने एकच शब्द लिहिला: "वीज?"

कारण समुद्रात फक्त पाया असतो. तयार झालेली वीज जमिनीवर यावी लागते, आणि जमिनीवर आली की खेळ बदलतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन राज्यसूचीत आहे, वीज समवर्ती सूचीत. मोठी बंदरं केंद्राकडे, पण बाकीची समवर्ती सूचीत, आणि आपल्याकडे ती महाराष्ट्र सागरी मंडळ सांभाळतं. पाती आणि खांब ठेवायला बंदर लागतं, केबल किनाऱ्यावर चढवायला जागा लागते, पुढे उपकेंद्र लागतं. आणि शेवटी ती वीज कुणीतरी विकत घ्यावी लागते. महावितरणच्या खरेदीला मंजुरी देतो राज्याचा वीज नियामक आयोग.

यातली खरी ताकद त्या शेवटच्या कलमात आहे, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून नीट कळतं. तिथे राज्यांची हद्द बहुतेक ठिकाणी किनाऱ्यापासून फक्त ३ सागरी मैल. त्यापलीकडचा तळ संघ सरकारचा. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा केला, तो समुद्राबद्दल नव्हताच. त्यात म्हटलं होतं की राज्यातल्या वीज वितरण कंपन्यांनी १,६०० मेगावॅट समुद्री पवनऊर्जेचे दीर्घ मुदतीचे करार करावेत. बस्स. गिऱ्हाईक नक्की झाल्यावर संघ सरकारच्या समुद्रात प्रकल्प आखायला कंपन्या आल्या. ८०० मेगावॅटचा 'व्हाइनयार्ड विंड' त्यातूनच आला. जमीन दुसऱ्याची असली तरी बाजार आपला असू शकतो. आठवडी बाजार भरवणाऱ्या गावाला हे वेगळं सांगायला नको. (याची मर्यादाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नवे भाडेपट्टे थांबवले. तळाचा मालक अडला की गिऱ्हाईक काय करणार?)

लाटा आणि भरती-ओहोटीच्या ऊर्जेबद्दल थोडक्यात. केरळात विझिंजमला १९९१ च्या सुमारास १५० किलोवॅटचं लाटांवरचं प्रायोगिक केंद्र चाललं, आणि २०१९ मध्ये केंद्राने सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. भरतीवर वीज करायची तर पाण्याच्या पातळीत मोठा फरक लागतो. तो खंभातच्या आखातात आहे, कोकणात त्या मानाने कमी. पण कायद्याच्या अंगाने एक गोष्ट मजेशीर आहे. भरतीचा बांध घालायचा तो खाडीवर, आणि खाडी आधाररेषेच्या आत येते. माझ्या वाचनानुसार तिथे अनुच्छेद २९७ ची पकड तशी बसत नाही. म्हणजे राज्याला समुद्रापेक्षा खाडीत जास्त मोकळीक आहे. परीक्षक यावर मला धारेवर धरणार, हे नक्की.

आता ज्या मुद्द्यापाशी मी सगळ्यात जास्त अडलोय, तो सांगतो.

आमच्याकडच्या शेतकऱ्याची पवनचक्कीवाल्यांबद्दल कितीही तक्रार असली, तरी त्याच्या हातात एक कागद असतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून कंपनीचा माणूस दारात येतो, चहा पितो, भाव सांगतो. शेतकरी नाही म्हणू शकतो. फसला तरी कशात फसला हे दाखवू शकतो. मच्छिमाराकडे तसं काय आहे? बोटीची नोंदणी आहे, मासेमारीचा परवाना आहे. पण पाण्यातल्या जागेचा कागद नाही. उत्तर कोकणात डोल जाळं लावतात, म्हणजे समुद्रात खुंट ठोकून भरती-ओहोटीच्या प्रवाहात पिशवीसारखं जाळं बांधतात. कुणाचे खुंट कुठे, हे कोळीवाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, त्यावरून भांडणंही होतात आणि मिटतातही. ही मालकीच म्हणायची, फक्त तलाठ्याच्या दप्तरात नाही.

आणि इथे राज्याला अधिकार आहे. १२ मैलांच्या आतली मासेमारी हा राज्याचा विषय. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे, २०२१ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. रोख बेकायदा मासेमारी आणि दंड यांवर. परंपरेने कोण कुठे मासे धरतं याचा नकाशा करून तो कायद्याच्या कागदावर आणण्याचं काम राज्य उद्या सुरू करू शकतं, त्याला दिल्लीची वाट बघायची गरज नाही. १२ मैलांबाहेर पवनचक्क्या आल्या तरी केबल याच पट्ट्यातून येणार.

कागद असला की काय होतं, याचंही उदाहरण आहे. 'व्हाइनयार्ड विंड'च्या जागेवर शेजारच्या ऱ्होड आयलंडचे मच्छिमार जायचे. तळ संघ सरकारचा, वीज मॅसॅच्युसेट्सची, ऱ्होड आयलंडचा संबंध काय? पण १९७२ च्या किनारा व्यवस्थापन कायद्यामुळे संघ सरकारचा परवाना आपल्या किनारा धोरणाशी जुळतो की नाही हे तपासायचा हक्क राज्यांना आहे, आणि ऱ्होड आयलंडच्या धोरणात मासेमारीची क्षेत्रं आधीच नोंदलेली होती. २०१९ मध्ये कंपनीने त्या मच्छिमारांसाठी ४२ लाख डॉलर नुकसानभरपाई आणि १ कोटी २५ लाख डॉलरचा निधी मान्य केला. रक्कम अपुरी आहे असं म्हणणारे मच्छिमार होते, आजही असतील. पण कंपनी त्यांच्या दारात आली. आपल्या सीआरझेड नियमांत राज्याचं किनारा प्राधिकरण शिफारस करतं खरं, पण ते केंद्राच्या पर्यावरण कायद्याखाली, आणि तो हक्क त्या तोडीचा नाही.

चुलत्यांना मी हे सगळं सांगितलं नाही. "सातबारा दिल्लीच्या नावावर," एवढंच म्हणालो.

"आन् कसतं कोण?" त्यांनी विचारलं.

तिसरं प्रकरण आता त्याच नावाने लिहितोय. डोलीच्या खुंटांच्या नोंदी कुणाच्या घरी, पतपेढीत किंवा मच्छिमार सोसायटीच्या दप्तरात पडून असतील, तर जरूर कळवा.