पाठीमागचा माणूस

२००२ साली मित्राकडून मागून आणलेल्या जॉयस्टिकवर मी ‘इल-२ स्टुर्मोविक’ या संगणकखेळातलं विमान पहिल्यांदा उडवायला घेतलं आणि चाकं जमीन सोडायच्या आतच विमान धावपट्टीबाहेर गवतात गेलं. पंख्याच्या जोराने नाक एका बाजूला ओढलं जातं, ते शेपटीच्या सुकाणूने सावरून धरावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. धड उडायला आठवडा लागला. त्या आठवड्याचं मोल मला आजही वाटतं.

मॉस्कोतल्या ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूने घडवलेला हा सिम्युलेटर २००१च्या अखेरीस बाजारात आला. तोवर आमच्यासारख्यांचं हवाई युद्ध म्हणजे स्पिटफायर, मेसरश्मिट आणि इंग्लिश खाडी. १९८९च्या ‘देअर फायनेस्ट आवर’ या खेळाने ते चित्र मनात पक्कं केलं होतं. ‘इल-२’ने रशियाच्या बर्फाळ सपाटीवर नेलं आणि शीर्षकात मान दिला तो चपळ लढाऊ विमानाला नव्हे, तर जमिनीलगत उडून रणगाड्यांवर हल्ला करणाऱ्या एका जड विमानाला. खेळ करणाऱ्यांचा हा सगळ्यात धीट निर्णय होता, असं मी मानतो.

या विमानाचे रचनाकार सेर्गेई इल्युशिन यांची करामत अशी, की त्यांनी विमान बांधून त्यावर पत्रे चढवले नाहीत. पोलादी चिलखताचा पुढचा भाग हाच विमानाचा सांगाडा केला. इंजिन, टाक्या आणि वैमानिक त्या कवचात. मागचं धड बऱ्याच विमानांत लाकडी. तेल थंड करणारा भाग पोटाखाली होता. हल्ल्याच्या वेळी त्याची चिलखती झडप वैमानिक मिटून घेत आणि नंतर आठवणीने उघडत, नाहीतर इंजिन तापलंच. १९४१च्या डिसेंबरात उत्पादन रेंगाळलं, तेव्हा स्टालिनने कारखान्यांना खडसावलं की सैन्याला हे विमान हवेइतकं, भाकरीइतकं गरजेचं आहे. अशी ३६ हजारांच्या आसपास विमानं बनली. दुसऱ्या कुठल्याही लढाऊ विमानाला हा आकडा गाठता आलेला नाही.

पण मला खेळाने शिकवलेली खरी गोष्ट वेगळीच. विमानाच्या पहिल्या नमुन्यात मागे तोफची होता. उत्पादनाला घेताना ती जागा काढून टाकली आणि जर्मन विमानं पाठीमागून येऊन एकेकाला टिपू लागली. १९४२मध्ये तोफची परत आला, तो मात्र चिलखताच्या बाहेर, कापडी पट्ट्यावर बसून. खेळात एकआसनी विमानात सारखी मान वळवून मागे बघावं लागे. दोनआसनी विमानात मागची मशीनगन धडधडत असेपर्यंत धीर असायचा. ती गप्प झाली की पडद्यावर काही घडत नसे, फक्त आवाज थांबे. त्या शांततेत मी कितीदा हल्ला अर्धवट सोडून तळाकडे वळलो आहे.

इल्युशिन हे नाव आपल्याकडेही परकं नाही. त्यांच्याच रचना-कार्यालयाची ‘इल-३८’ टेहळणी विमानं १९७७पासून गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर होती. २०२३मध्ये ती निवृत्त झाली.

त्या मागच्या तोफचीचं मात्र पुढे भलं झालं. युद्ध संपत आलं तेव्हा ‘इल-२’नंतरचं ‘इल-१०’ आघाडीवर पोचलं. त्यात मागच्या माणसाची जागा चिलखताच्या आत होती.