प्राइस मॅच : शेजारच्या दुकानाचा भाव आपल्या खरेदीत कसा आणायचा?



डबा, मेस, फराळ, पोळीभाजी केंद्र, केक, लोणची-मसाले असं काहीही सुरू करायचं तुमच्या डोक्यात असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. आपण 'विक्री कशी वाढवायची' यावर खूप बोलतो. आज बोलूया खरेदीवर. नफ्याचा मोठा हिस्सा किराणा भरतानाच ठरतो आणि तिथेच बहुतेक जण डोळे मिटून पिशवी भरतात.

आधी एक हिशोब करू. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा, तुमचा डबा ८० रुपयांना जातो. त्यात किराणा २५ रुपये, भाजी आणि दूध १५ रुपये, गॅस-पॅकिंग-डिलिव्हरी २२ रुपये. हातात उरले १८ रुपये. रोज ६० डबे आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १,५६० डबे होतात. म्हणजे महिन्याचा किराणा ३९,००० रुपयांचा आणि नफा २८,०८० रुपये.

आता किराण्यात फक्त १० टक्के वाचवले, तर ३,९०० रुपये वाचतात. हे पैसे सरळ नफ्यात जमा होतात, म्हणजे नफा जवळपास १४ टक्क्यांनी वाढला. तेवढेच ३,९०० रुपये विक्री वाढवून कमवायचे असतील तर महिन्याला आणखी २१७ डबे विकायला हवेत, म्हणजे रोज आठ-नऊ डबे जास्त! तेवढ्या पोळ्या लाटायच्या, तेवढे ग्राहक शोधायचे. त्यापेक्षा खरेदी नीट करणं सोपं आहे की नाही?

परदेशात 'प्राइस मॅच' कसं चालतं?

प्राइस मॅच म्हणजे दुकानदाराचं वचन: 'हीच वस्तू शेजारी स्वस्त असेल, तर आम्हीही त्याच भावात देऊ.' इंग्लंड-अमेरिकेतल्या सुपरमार्केटांनी याचे बरेच प्रकार करून बघितले.

इंग्लंडमध्ये टेस्कोची 'ब्रँड गॅरंटी' नावाची योजना होती. किमान दहा वेगवेगळ्या वस्तू घेतल्या की त्यातल्या ब्रँडेड मालाची किंमत इतर तीन मोठ्या सुपरमार्केटांशी ताडून बघितली जायची. तुमची टोपली तिकडे स्वस्त पडत असेल तर फरक काउंटरवरच वजा व्हायचा. अमेरिकेत वॉलमार्टने 'सेव्हिंग्ज कॅचर' आणलं होतं. मोबाईलवर पावती स्कॅन करायची. आसपासच्या दुकानाने कमी भावाची जाहिरात केलेली असेल तर फरक गिफ्ट कार्डवर जमा. टेस्कोची ती योजना २०१८ मध्ये बंद झाली, वॉलमार्टची २०१९ मध्ये.

पण कल्पना संपली नाही, तिचं रूप बदललं. आल्डी आणि लिडल या स्वस्त जर्मन साखळ्यांनी इंग्लंडमध्ये ग्राहक खेचायला सुरुवात केली होती. मग मार्च २०२० मध्ये टेस्कोने 'आल्डी प्राइस मॅच' सुरू केलं: ठरावीक वस्तूंवर पाटी लावायची, 'याचा भाव आल्डीइतकाच.' पुढच्याच वर्षी सेन्सबरीजने तेच केलं आणि २०२४ मध्ये ॲस्डा हे सुपरमार्केटही त्या रांगेत आलं.

यातून आपल्या कामाचे तीन धडे मिळतात.

धडा पहिला : एका वस्तूकडे बघू नका, टोपली बघा. साखर दोन रुपयांनी स्वस्त दिली की आपण खूश होतो. त्याच दुकानात डाळ आणि तेलात तो फरक वसूल झालेला असतो. टेस्कोच्या जुन्या योजनेत ब्रँडेड मालाची पूर्ण टोपली ताडली जायची.

धडा दुसरा : पाटी ठरावीक वस्तूंवरच असते. भाव जुळवलेला माल मोजका. बाकी दुकान नेहमीच्या भावात. ग्राहक पाटी बघून आत येतो आणि उरलेली पिशवी तिथेच भरतो. आपल्याकडच्या 'आजची ऑफर'चंही तेच आहे.

धडा तिसरा : भाव सारखा म्हणजे माल सारखा, असं नाही. २०२४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने आल्डीशी भाव जुळवलेल्या काही वस्तूंची लेबलं तपासली. टेस्कोच्या चिकन नगेट्समध्ये चिकन ३९ टक्के होतं, तर आल्डीच्या नगेट्समध्ये ६० टक्के. भाव जुळला, माल जुळला नाही! तुम्ही स्वस्त बेसन किंवा स्वस्त मिरची पूड घेता तेव्हा हा किस्सा आठवा.

मग आपल्याकडे काय?

आपल्या किराणा बाजारात अशी लेखी प्राइस मॅच योजना क्वचितच दिसते. आपल्याकडे एमआरपी आहे. पण एमआरपी ही कमाल किंमत. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कुणाची ना नाही. म्हणजे एमआरपीच्या खालची सगळी जागा घासाघिशीची आहे. सुट्या डाळी, तांदूळ, मसाल्यावर तर एमआरपीही नसते. तिथे ज्याला भाव माहीत, त्यालाच भाव मिळतो.

म्हणून आपली प्राइस मॅच योजना आपणच चालवायची. चार पायऱ्या आहेत.

पायरी १ : भाववही करा

मागच्या महिन्याची बिलं काढा. सगळ्यात जास्त पैसे ज्यात गेले त्या १५ वस्तू लिहा. तेल, तांदूळ, तूरडाळ, गव्हाचं पीठ, साखर, बेसन, शेंगदाणे, मिरची, हळद वगैरे. तुमच्या किराण्याचे बहुतेक पैसे यातच जात असतील. मोहरी-जिऱ्याच्या पाकिटावर डोकं लावू नका.

प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने करा: डीमार्टसारखं मोठं दुकान, होलसेल किराणावाला किंवा मार्केट यार्ड, आणि ऑनलाईन ॲप. दर पंधरा दिवसांनी भाव भरा, तारखेसकट. तीन महिन्यांत तुम्हाला दिसायला लागेल की कुठली वस्तू कुठून घ्यायची. वही जमत नसेल तर मोबाईलमधली शीट चालेल, पण लिहा. आठवणीतला भाव नेहमी चुकतो.

पायरी २ : सगळं एकाच मापात आणा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्यामुळे १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा एक नव्हेत. १५ लिटरमध्ये तेल साधारण १३.६५ किलोच असतं.

समजा, १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि १५ लिटरचा २,१३० रुपयांना. दुसरा १२० रुपयांनी स्वस्त दिसतो, हो ना? आता किलोचा भाव काढा. पहिला १५० रुपये किलो, दुसरा १५६ रुपये किलो. स्वस्त दिसणारा डबा किलोमागे ६ रुपये महाग! पिशवी घेतानाही पुढचं मोठं अक्षर सोडा आणि मागे छापलेलं निव्वळ वजन बघा. काही पिशव्या लिटरच्या दिसतात, पण आत तेल कमी ग्रॅम असतं.

पॅकबंद मालावर 'युनिट सेल प्राइस' म्हणजे प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर भाव छापण्याचा नियम आता आहे. तो आकडा एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानातली सूट त्यात नसते. पण दोन पाकिटांची चटकन तुलना करायला तो फार उपयोगी आहे. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही, हेही तिथेच कळतं.

पोत्याने माल घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या तांदूळ, डाळ, पिठाच्या पॅकवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागू झाला. २५ किलोच्या वरच्या पोत्याला तो लागला नाही. २६ आणि ३० किलोची पोती बाजारात दिसू लागली, त्यामागे हेच गणित. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेला कर तुम्हाला परत मिळत नाही, म्हणून भाव विचारताना 'कर धरून किती?' हे विचाराच.

पायरी ३ : घरपोच पडलेला भाव काढा

होलसेलचा भाव म्हणजे तुमचा खर्च नव्हे. रिक्षा-टेम्पो, हमाली, निवडताना जाणारी घट हे सगळं त्यात मिळवा.

समजा, मार्केट यार्डात सुटी तूरडाळ ११८ रुपये किलो आहे आणि जवळच्या दुकानात निवडलेली पॅकबंद १२४ रुपये. तुम्ही ३० किलो घेतली. निवडताना ३ टक्के घट धरली तर भाव पडला साधारण १२१.६५. जाण्या-येण्याचे आणि हमालीचे १५० रुपये ३० किलोवर वाटले तर किलोला आणखी ५ रुपये. झाले १२६.६५. म्हणजे जवळचं दुकानच स्वस्त!

पण त्याच फेरीत डाळ, तांदूळ, साखर, शेंगदाणे मिळून १०० किलो माल आणला तर वाहतूक किलोला दीड रुपया पडते आणि डाळ १२३.१५ ला येते. शिवाय बाकीच्या मालातही फायदा. अर्थ सरळ आहे: एकट्या डाळीसाठी यार्डात जाऊ नका. जायचं तर यादी घेऊन जा, आणि जमल्यास शेजारच्या दोन व्यावसायिक ताईंना सोबत घ्या. फेरी एक, भाडं तिघींत.

आणि हो, स्वस्त मिळतंय म्हणून तीन महिन्यांचा साठा करू नका. पावसाळ्यात रव्याला, बेसनाला कीड लागते, आणि गल्ल्यातले पैसे पोत्यात अडकतात ते वेगळंच. सुरुवातीला पंधरा दिवसांचा माल पुरे.

पायरी ४ : भाव जुळवून मागा

आता वही हातात आहे. नेहमीच्या किराणा दुकानदाराकडे गर्दी नसताना जा. दुपारी तीनची वेळ बरी. आणि असं बोला:

"शेठ, महिन्याला माझा ३५-४० हजारांचा किराणा आहे. मला एकाच ठिकाणाहून घ्यायला आवडेल. या पाच वस्तूंचा भाव मला बाहेर कमी मिळतोय, ही बिलं बघा. तुम्ही एवढ्यात देऊ शकाल का? बाकीचा माल तुमच्या भावाने घेते."

या बोलण्यात काय आहे बघा. तुम्ही महिन्याचा आकडा सांगितला, पुरावा दाखवला, फक्त पाच वस्तू मागितल्या आणि त्याच्याही फायद्याचं बोललात. तो पाचपैकी तीन वस्तूंत हो म्हणाला तरी काम झालं.

तीन पथ्यं पाळा. खोटा भाव सांगू नका, बाजार लहान असतो आणि शब्द एकदा गेला की गेला. ब्रँड, वजन, प्रत तीच असेल तरच तुलना करा. आणि दुकानदार जे फुकट देतो त्याची किंमत विसरू नका. घरपोच माल, खराब निघाला तर बदलून देणं, अडचणीच्या वेळी आठ दिवसांची उधारी, रविवारी संध्याकाळी अचानक लागलेलं पाच किलो पीठ. मॉलमध्ये यातलं बरंचसं मिळत नाही. किलोमागे एक रुपया जास्त देऊन हे मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

रोख किंवा लगेच यूपीआय करणार असाल तर तेही आधी सांगा. पुरवठादारांना लवकर पैसे देऊन चांगला भाव मिळवायचा, ही डीमार्टची बहुचर्चित पद्धत. आपल्या पातळीवरही ती चालते.

आणि उद्या तुमचंच दुकान असेल तर?

ग्राहक तुम्हालाही म्हणेल, "पलीकडे स्वस्त मिळतं." तेव्हा घाबरून सगळ्याच मालाचे भाव पाडू नका. इंग्लंडमधल्या जॉन लुईस या दुकानसाखळीने 'आमच्यापेक्षा स्वस्त दुसरीकडे मिळणार नाही' अशा अर्थाचं वचन १९२५ पासून चालवलं. फक्त ऑनलाईन विकणाऱ्या कंपन्यांच्या भावाला ते लागू नव्हतं, आणि ग्राहक तर ऑनलाईनच जास्त बघायला लागले होते. २०२२ मध्ये त्यांनी ते बंद केलं, आणि २०२४ मध्ये बदल करून पुन्हा आणलं. एवढ्या मोठ्या साखळीलाही वचनाच्या अटी पुन्हा लिहाव्या लागल्या!

म्हणून वचन छोटं ठेवा. ग्राहकाला ज्यांचे भाव पाठ असतात अशा साखर, तेल, दूध, चहापत्ती वगैरे आठ-दहा वस्तू निवडा. अट साधी ठेवा: तोच ब्रँड, तेच वजन, जवळचं दुकान, आणि बिल दाखवा. खरेदीच्या खाली मात्र जाऊ नका. आणि कुठल्या वस्तूत किती सुटतं हे माहीत नसेल, तर आधी पुन्हा पहिल्या पायरीवर या. भाववही दुकानदारालाही तितकीच लागते.

या आठवड्याचा गृहपाठ

१. मागच्या महिन्याची किराणा बिलं काढून टॉप १५ वस्तूंची यादी करा.

२. त्यांचा तीन ठिकाणचा भाव, किलोच्या मापात आणि कर-भाडं धरून, लिहा.

३. सगळ्यात जास्त फरकाच्या पाच वस्तू घेऊन दुकानदाराशी बोला.

४. किती वाचले ते लिहा, आणि ते पैसे वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात टाका. घरखर्चात मिसळले की वाचलेले पैसे दिसत नाहीत.

तिसरा मुद्दा बऱ्याच जणांना अवघड जातो. भाव मागायला लाज वाटते, 'शेठ काय म्हणतील' असं वाटतं. शेठ स्वतः त्यांच्या होलसेलरकडे रोज हेच बोलतात. धंद्यात भाव विचारणं हे कामच आहे. या आठवड्यात एकदा विचारून बघा, आणि पाचपैकी किती वस्तूंत भाव जुळला ते व्हिडिओखाली नक्की लिहा.

भेटूया पुढच्या भागात!