शॅम्पेन, प्रोसेको, कावा : बाटलीवरचे नाव काय सांगते?

नाताळ आणि नववर्ष जवळ आले की गोव्यातल्या पुष्कळ घरांत जहाजावरून किंवा परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकाबरोबर एखादी जाड काचेची, तारेने बूच बांधलेली बाटली येते. घरातली मंडळी तिला सरसकट 'शॅम्पेन' म्हणतात. लेबल नीट वाचले तर मात्र त्यावर बरेचदा प्रोसेको, कावा, क्रेमाँ किंवा झेक्ट असे काही लिहिलेले आढळते. ही नावे म्हणजे एकाच वस्तूचे निरनिराळे ब्रँड नव्हेत. प्रत्येक नावामागे वेगळा प्रदेश, वेगळी द्राक्षे आणि पुष्कळदा वेगळी पद्धत असते. किमतीतला फरकही बराचसा तिथूनच येतो.

शॅम्पेन हे मुळात एका प्रदेशाचे नाव आहे. पॅरिसच्या ईशान्येला राँस आणि एपर्ने या शहरांभोवती हा खडूच्या जमिनीचा थंड प्रदेश पसरला आहे. तिथे मुख्यतः शार्दोने, पिनो न्वार आणि म्युनिए या तीन जातींची द्राक्षे वापरतात. आधी साधी वाइन तयार होते. मग ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत वाइन पुन्हा एकदा आंबते, त्यातून निघणाऱ्या वायूला बाहेर जायला वाट नसते, आणि तो वाइनमध्येच विरघळून राहतो. बाटलीतला दाब हवेच्या दाबाच्या पाच ते सहा पट होतो. म्हणून काच जाड आणि बुचाला तार.

यीस्टचा गाळ बाटलीतच राहतो आणि त्याच्या सहवासात वाइनला पावाच्या भट्टीसारखा वास येऊ लागतो. साधी शॅम्पेनसुद्धा बाटलीत किमान १५ महिने ठेवावी लागते. एकाच वर्षाच्या पिकाची, लेबलवर साल असलेली शॅम्पेन किमान तीन वर्षे.

हा गाळ बाहेर कसा काढायचा, हा मोठा प्रश्न होता. १८०५ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी विधवा झालेल्या बार्ब-निकोल क्लिको यांनी नवऱ्याचा व्यवसाय हाती घेतला. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे व्यापार करता येत नसे. विधवेला करता येई. बाटल्या भोके पाडलेल्या फळीत तिरक्या खोचायच्या आणि रोज थोड्या फिरवत गाळ बुचाकडे आणायचा, ही युक्ती त्यांच्याच तळघरात १८१६ च्या सुमारास रुजली असे मानतात. 'व्हव्ह क्लिको' या नावातला 'व्हव्ह' म्हणजे विधवा. याउलट, ओव्हिलेरच्या मठातले दों पेरिन्यों यांनी शॅम्पेनचा शोध लावला ही गोष्ट लोकप्रिय असली तरी खरी नाही. साखर घालून वाइन फेसाळ करण्याची नोंद इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच केली होती.

मोएत अँड शाँदाँ, बोलँजे, क्रुग, लुई रोदरेर ही तिथली मोठी घराणी. ती स्वतःच्या मळ्यांबरोबर इतर शेतकऱ्यांकडूनही द्राक्षे विकत घेतात. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एन.एम.' असेल तर बाटली अशा घराण्याची, 'आर.एम.' असेल तर स्वतःच्या द्राक्षांची वाइन स्वतःच करणाऱ्या शेतकऱ्याची.

प्रोसेको इटलीच्या ईशान्य भागातली. तिचे द्राक्ष ग्लेरा. इथे दुसरी आंबवण बाटलीत न होता मोठ्या बंद पोलादी टाकीत होते. वेळ आणि श्रम वाचतात, म्हणून ती स्वस्त पडते. तिला कमी दर्जाची मात्र समजू नये. सफरचंद, नासपती आणि फुलांचा ताजा वास टिकवायला टाकीच योग्य. कोनेल्यानो आणि वाल्दोब्बिआदेने यांच्यामधल्या उतरणीच्या टेकड्यांवरची प्रोसेको सर्वांत नावाजलेली. शॅम्पेनसारखी बाटलीत आंबवलेली इटालियन वाइन हवी असेल तर फ्रांचाकोर्ता किंवा त्रेंतो ही नावे पाहावीत. त्रेंतोचे फेरारी हे घराणे १९०२ पासूनचे आहे.

कावा स्पेनची, मुख्यतः बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस भागातली. कोदोर्निऊ घराण्याच्या जुसेप राव्हेंतोस यांनी १८७२ मध्ये तिथे शॅम्पेनची पद्धत वापरली, पण माकाबेओ, शारेल्लो आणि पारेल्यादा या स्थानिक द्राक्षांवर. म्हणून कमी पैशांत बाटलीत आंबवलेली वाइन हवी असेल तर कावा उत्तम. तिच्याच जोडीला फ्रान्समधल्या आल्सास, लुआर, बुर्गोन्य अशा इतर प्रदेशांतली क्रेमाँ.

आता सर्वांत फसवा शब्द. 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे अगदी कोरडी असे वाटते, पण ती 'ब्रूत'पेक्षा गोड असते. ब्रूतमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि 'दमी-सेक'मध्ये ३२ ते ५०. रवा लावून तळलेल्या सुंगटांबरोबर ब्रूत छान लागते, कारण तिची आंबट धार तेलकटपणा कापते. नेवऱ्या किंवा बेबिंकाबरोबर तीच ब्रूत कडवट वाटेल. तिथे दमी-सेक किंवा इटलीची गोड आस्ती घ्यावी.

बाटली उघडण्यापूर्वी चांगली थंड करावी आणि अजिबात हलवू नये. तार सोडल्यापासून अंगठा बुचावरच ठेवावा, तोंड माणसांपासून दूर धरावे, आणि बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवावी. मोठा आवाज काढण्याच्या नादात डोळ्याला इजा होऊ शकते, आणि अर्धी वाइन जमिनीवर जाते ती वेगळीच.

एवढा नावांचा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. २००९ मध्ये इटलीने प्रोसेको या द्राक्षाचे नाव अधिकृतपणे ग्लेरा केले. द्राक्षाची जात कुणीही कुठेही लावू शकतो. गावाचे नाव मात्र त्या गावाच्या परिसराचेच राहते. प्रोसेको हे त्रिएस्तेजवळचे एक गाव आहे, आणि त्या आधारावर नाव राखले गेले. त्याच २००९ मध्ये आपल्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. बोंडू तुडवून, भाटीवर रात्र काढून फेणी गाळणाऱ्यांचे कष्ट त्या एका नावात आहेत. दुसऱ्या कुठल्या दारूला कुणी फेणी म्हटले तर आपल्याला खटकते. शॅम्पेनच्या शेतकऱ्यालाही तसेच खटकत असणार. म्हणून यंदा बाटली आली की आधी लेबल वाचावे आणि तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी.